मनिलात राहून मुलाशी मराठी बोलू की नको?

पत्र: ताई, नमस्कार. मी मूळची पुण्याची, नोकरीमुळे आम्ही मनिलाला आलो त्याला आता तीन वर्षं होत आली. शेअर्ड सर्व्हिसच्या ऑफिसात टीम लीड आहे, नवीन पोरांचे इंटरव्ह्यू माझ्याकडेच असतात. निघताना सगळे म्हणत होते की फिलिपिन्समध्ये काय, ट्रायसिकलवालासुद्धा इंग्लिश बोलतो. बोलतात खरे. पण ग्रॅज्युएट पोरांना दोन पॅराचा ईमेल वाचून कस्टमरला नक्की काय हवंय ते सांगता येत नाही. आमच्या एचआरच्या सीनियर मॅडम म्हणतात सरकारने तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवायचा घाट घातला, तिथेच इंग्लिश बुडालं. दुसरे म्हणतात टिकटॉक. आता माझं खरं दुखणं. मुलगा सहा वर्षांचा, ग्रेड वनला आहे. त्याच्या टीचर म्हणाल्या घरी पण इंग्लिशच बोला, मराठीमुळे मागे पडेल. नवऱ्याला लगेच पटलं. साताऱ्याहून सासूबाई व्हिडिओ कॉल करतात, नातू इंग्लिशमध्ये उत्तर देतो आणि त्या नुसत्या हसून फोन ठेवतात. काय करू? आणि इथलं इंग्लिश खरंच का घसरतंय? – तगिगमधली एक आई

उत्तर: आधी मुलाचं सांगते कारण ते उत्तर छोटं आहे. मराठी बंद करू नकोस. अजिबात नको. आता नवऱ्याला पटवायला तुला मुद्दे लागतील आणि ते सगळे तुझ्या दुसऱ्या प्रश्नात आहेत, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते. मीही मनिलात काही वर्षं व्हॉइस ट्रेनर होते, त्यामुळे तू म्हणतेस ती पोरं माझ्या चांगल्या ओळखीची आहेत.

तुमच्या एचआर मॅडमच्या मुद्द्यापासून सुरू करू, कारण तो तिथे सगळीकडे ऐकू येतो आणि साध्या हिशोबात बसत नाही. पहिलीपासून मातृभाषेतून शिकवणं तिथे सरसकट सुरू झालं ते २०१२-१३ च्या शैक्षणिक वर्षात. २००९ चा आदेश होता पण तेव्हा पायलट शाळांपुरतंच होतं, कायद्यात आलं २०१३ ला. म्हणजे २०१२ ला जी पोरं पहिलीत बसली ती २०२४ ला बारावी झाली आणि चार वर्षांचं कॉलेज धरलं तर २०२८ ला ग्रॅज्युएट होणार. तू आत्ता ज्यांचे इंटरव्ह्यू घेतेस त्या २२-२३ वर्षांच्या ग्रॅज्युएट पोरांनी ती योजना पाहिलेलीच नाही गं! ती पोरं त्यांच्या वेळच्या जुन्या पद्धतीनेच शिकली, गणित आणि सायन्स इंग्लिशमधून, बाकी फिलिपिनोतून (म्हणजे टागालोगवर बेतलेली तिथली राष्ट्रभाषा). सीनियर हाय (अकरावी-बारावी) करून थेट नोकरीला आलेली १८-१९ वर्षांची मुलं घेत असाल तर त्यांच्याबद्दल मॅडमना बोलायला थोडी जागा आहे, ग्रॅज्युएटबद्दल नाही.

पिसाचं बघ. १५ वर्षांच्या मुलांची ती आंतरराष्ट्रीय परीक्षा, फिलिपिन्समध्ये ती इंग्लिशमध्येच घेतात. २०१८ ला ते पहिल्यांदा उतरले आणि वाचनात ७९ देशांत शेवटचे आले, ३४० गुण, देशभर हलकल्लोळ झाला. त्या वर्षीची पोरंही मातृभाषा योजनेच्या आधीचीच. २०२२ ला जी बसली ती मात्र योजनेतली पहिली बॅच, त्यांचे गुण ३४७. म्हणजे ना वर ना खाली, जिथे होतं तिथेच. मातृभाषेने सगळं बुडवलं असतं तर इथे धाडकन पडायला हवं होतं ना.

तरी राजकारण्यांना थांबायला वेळ नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवीन कायदा झाला, राष्ट्राध्यक्षांनी सही पण केली नाही, मुदत संपली म्हणून आपोआप लागू झाला, आणि पहिली ते तिसरीचं सक्तीचं मातृभाषा माध्यम गेलं. ज्या बॅचवर खापर फोडलं ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना निकाल लावून मोकळे. मला याचा फार राग येतो पण असो.

योजना चांगली राबवली होती असं मी म्हणत नाहीये. सुरुवातीला १२ भाषा घेतल्या मग १९ केल्या, त्या देशात भाषा आहेत पावणेदोनशेच्या वर. ज्या पोराची भाषा त्या १९ मध्ये नाही त्याने काय करायचं? बरं १९ मध्ये आहे त्यांना तरी पुस्तकं कुठे होती, टीचरना त्या भाषेत वाचन कसं शिकवायचं याचं धड ट्रेनिंग नाही, एकाच वर्गात तीन भाषांची पोरं, आणि मनिलातली टागालोग घरातली पोरंसुद्धा आकडे इंग्लिशमध्ये मोजतात त्यांना बेरीज-वजाबाकीचे पुस्तकी टागालोग शब्द म्हणजे अजून एक परकी भाषाच. त्यात तिसरी संपली की चौथीत एकदम माध्यम बदलणार, मधे पायरी नाही. असं केल्यावर कुठलीही पद्धत आपटणारच.

नीट केलेल्या ठिकाणी काय झालं तेही त्याच देशात आहे. इलोइलो प्रांतात १९४८ ते १९५४ प्रयोग झाला, काही वर्गांना पहिली दोन वर्षं तिथल्या हिलिगायनोन भाषेतून शिकवलं आणि तिसरीत इंग्लिशवर आणलं, काहींना पहिल्या दिवसापासून इंग्लिश. पहिला गट गणित, वाचन, समाजशास्त्र यात पुढे गेला आणि इंग्लिशमध्येही दुसऱ्यांना चटकन गाठलं. पुढे कलिंगा प्रांतातल्या लुबुआगानमध्ये तिथल्या स्थानिक भाषेतून तिसरीपर्यंत शिकवून पाहिलं तर ती पोरं इंग्लिशच्या पेपरातही बाकीच्यांपेक्षा वरचढ निघाली. नवऱ्याला हे दोन्ही सांग. आपल्याकडे मेळघाटातल्या कोरकू मुलाला पहिल्याच दिवशी मराठी पुस्तक हातात दिलं की जे होतं तेच दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरच्या खेड्यातल्या बिसाया बोलणाऱ्या मुलाचं, त्याला फिलिपिनो दुसरी भाषा आणि इंग्लिश तिसरी, आणि दोन्ही पहिल्याच वर्षी.

मग खरं कारण काय? माझं मत विचारशील तर तिथे इंग्लिश घसरण्याआधी वाचन घसरलंय, सगळ्याच भाषांतलं. शाळांमध्ये फिल-आयआरआय नावाची वाचन चाचणी घेतात, ती इंग्लिश आणि फिलिपिनो दोन्हीत असते आणि अडखळणारी पोरं दोन्हीकडे सापडतात. २०२४ च्या सरकारी सर्व्हेत १० ते ६४ वयाच्या लोकांत वाचलेल्याचा अर्थ लावून वापर करू शकणारे साधारण ७१ टक्केच निघाले. तू जे इंटरव्ह्यूत बघतेस ना, बोलायला फाडफाड पण ईमेलचा अर्थ लागत नाही, ते हेच. बोलणं टीव्ही, यूट्यूब, गाणी, कॅराओके यातून येतं. वाचून समजणं शाळेतून यायला हवं होतं ते आलं नाही.

आणि शाळेतून का आलं नाही ते ऐक. संसदेने शिक्षणावर एक कमिशन नेमलं होतं, एडकॉम टू म्हणतात त्याला, त्यांच्या जानेवारी २०२४ च्या रिपोर्टात होतं की २०१२ पासून पहिली ते दहावीसाठी सरकारने फक्त २७ पाठ्यपुस्तकांची खरेदी पूर्ण केली. सत्तावीस! दहा इयत्ता, प्रत्येकीचे सात-आठ विषय, एक तप, आणि सत्तावीस पुस्तकं. मग टीचर फळ्यावर लिहिणार, पोरं उतरवून घेणार, सलग दोन पानं वाचायची वेळच येणार नाही. वर्ग कमी म्हणून शाळा दोन शिफ्टमध्ये, काही ठिकाणी तीन, मनिलाच्या सरकारी शाळेत एका वर्गात पन्नासच्या वर पोरं सहज. टीचरला शिकवण्यापेक्षा फॉर्म भरायचं काम जास्त. आणि पोरगं वाचत नसलं तरी पुढच्या वर्गात ढकलायचं, नापास केलं तर टीचरलाच चार कागद जास्त भरावे लागतात, हे तुला ओळखीचं वाटेल.

त्यावर कोविड. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या, नोव्हेंबर २०२१ ला थोड्याशा उघडल्या आणि सगळीकडे नीट सुरू व्हायला २०२२ चं शेवट आलं. जगातल्या सगळ्यात लांब बंद राहिलेल्या शाळांत हा देश होता. बहुतेकांकडे ऑनलाइनची सोय नव्हती म्हणून छापील मॉड्यूल घरी पाठवायचे, पोरांनी भरून परत द्यायचे. कोण भरत होतं? आई, मोठी ताई, शेजारची ताई. तुझे आत्ताचे फ्रेशर्स तेव्हा दहावी-बारावीत किंवा कॉलेजात होते, म्हणजे जेव्हा मोठे उतारे वाचायला लागायचे नेमके तेव्हा.

हे झालं शाळेचं. दुसरं कारण असं की ज्यांचं इंग्लिश खरंच चांगलं आहे ती माणसं तुझ्या इंटरव्ह्यूच्या खुर्चीपर्यंत येतच नाहीत. नर्सेस अमेरिका-ब्रिटनला गेल्या, चांगले इंग्लिश टीचर अमेरिकेत, जपानमध्ये, थायलंड-व्हिएतनाममध्ये शिकवतायत. कॉल सेंटर आणि बॅक ऑफिस मिळून १८ लाखांच्या आसपास लोक आधीच कामाला लागलेत, आणि २००० नंतर हा धंदा वाढला तेव्हा शाळेत शिकवणारे कितीतरी जण हेडफोन लावून बसले कारण तेव्हा तिकडे पगार बरा होता. ज्या कंपन्या आज रडतात की पोरांना इंग्लिश येत नाही त्यांनीच त्या पोरांच्या टीचर उचलल्या होत्या, हे एचआर मॅडमना सांगशील का माहीत नाही पण सांगितलंस तर मला बरं वाटेल. आणि एवढ्या मोठ्या धंद्याला दरवर्षी नवी माणसं लागतात म्हणजे चाळणी खाली खाली जाणारच, वीस वर्षांपूर्वी याच ऑफिसांत मनिलाच्या नामांकित खाजगी कॉलेजची पोरं यायची, आता प्रांतातल्या सरकारी कॉलेजची येतात. त्यात वाईट काही नाही, त्यांनाही नोकरी हवीच, पण तुलना करताना हे लक्षात ठेव.

टीव्हीचंही खरं आहे, थोडंसं. ऐंशीच्या दशकापर्यंत अमेरिकन मालिका आणि कार्टून तिथे इंग्लिशमध्येच लागायची, घरबसल्या रोजचं ऐकणं व्हायचं. हुकूमशहा मार्कोस गेल्यावर, म्हणजे १९८६ नंतर, टीव्हीवरच्या बातम्या फिलिपिनोत आल्या आणि नव्वदीत मेक्सिकन मालिका टागालोगमध्ये डब होऊन आल्या, मग कोरियन आल्या. लोकांना आपल्या भाषेत मालिका बघायला मिळाली यात मला तरी गैर वाटत नाही. टिकटॉक त्याच्या फार नंतरचं. नुकसान झालं असेल ते लांबलचक काही वाचायची सवय मोडण्याचं, आणि ते पुण्यातही झालंय.

आता 'पूर्वी इंग्लिश फार भारी होतं' हे वाक्य. १९०१ मध्ये थॉमस नावाच्या जहाजातून पाचशेच्या आसपास अमेरिकन शिक्षक मनिलाच्या बंदरात उतरले आणि सगळ्या देशाला इंग्लिशमधून शिकवायला लागले, तिथून ही गोष्ट सुरू होते. आणि १९२५ मध्येच मन्रो कमिशनने पाहणी करून सांगितलं होतं की पोरांना इंग्लिशमध्ये धड वाचता येत नाहीये, परकी भाषाच मोठा अडसर आहे. शंभर वर्षं झाली त्याला. तेव्हा शाळेत टिकणारी पोरंच कमी होती, जी शेवटपर्यंत गेली त्यांचं इंग्लिश छान होतं आणि आज लोकांना तीच आठवतात. पुढे १९७४ ला मार्कोसच्या काळात दोन भाषांचं धोरण आलं, १९८७ च्या संविधानात फिलिपिनो राष्ट्रभाषा झाली, २००३ ला तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष आरोयो बाईंनी आदेश काढला की इंग्लिश परत वाढवा कारण कॉल सेंटर येतायत, मग मातृभाषा आली, मग गेली. दर दहा-पंधरा वर्षांनी माध्यम बदलायचं आणि वर्गात पुस्तक नाही ते नाहीच.

घसरण किती हेही जरा सांभाळून घे. तिथल्या एसडब्ल्यूएस संस्थेने लोकांना विचारलं होतं तुम्हाला इंग्लिश बोलता येतं का. १९९३ ला हो म्हणणारे ५६ टक्के, २००६ ला ३२, सगळीकडे बोंब झाली. २००८ ला परत ४६. दोन वर्षांत एवढं कुणी शिकत नाही, कुणाला किती आत्मविश्वास वाटतो तेही त्यात मोजलं जातं. वर्तमानपत्रात येते ती ईएफ कंपनीची देशांच्या इंग्लिशची रँकिंगही तशीच, २०१६ ला फिलिपिन्स १३वा होता, २०२४ ला २२वा. पण ती ऑनलाइन टेस्ट ज्याला द्यायची तो देतो, आणि २२वा असूनही तो देश भारताच्या खूप वर आहे. तेव्हा आपण पुण्याहून जाऊन नाकं मुरडायला नकोत.

ऑफिससाठी एवढंच सुचवते. इंटरव्ह्यूत गप्पांना मार्क देणं कमी कर, बिसाया बोलणाऱ्या सेबू-दावाओकडच्या पोरांचे इ आणि ए उलटे पडले म्हणून तर कापूच नकोस. त्यांना खरा ईमेल दे, पंधरा मिनिटं दे, आणि कस्टमरला काय हवंय ते टागालोगमध्ये किंवा बिसायामध्ये सांगायला लाव, तुझी एखादी सहकारी शेजारी बसव. ज्याला आपल्या भाषेतही सांगता येत नाही त्याला वाचायची अडचण आहे, त्याला आत्ता घेऊ नकोस किंवा आधी वाचनाचं ट्रेनिंग दे. ज्याला आपल्या भाषेत बरोबर सांगता येतं पण इंग्लिशमध्ये ततपप होतं त्याला डोळे झाकून घे, तो दोन-तीन महिन्यांत तयार होतो. तिथे पोरं इंग्लिश झेपलं नाही की 'नोजब्लीड झालं' म्हणून हसतात ना, त्या हसण्यामागे बरीच लाज असते, शाळेत फिलिपिनो बोललं म्हणून एक-दोन पेसो दंड भरलेली पोरं असतात ती. थोडक्यात पास होता होता राहिलेल्यांसाठी टेस्डा या सरकारी कौशल्य प्रशिक्षण संस्थेच्या स्कॉलरशिपवर ट्रेनिंग चालतं, तेही एचआरला बघायला सांग.

आता परत मुलाकडे. टीचरशी भांडू नकोस, तिच्यावरही वरून दबाव असतो. तिला इतकंच विचार की त्याला नक्की काय जमत नाहीये, अक्षरं जोडायला जमत नाही, की वाचलेलं कळत नाही, की वर्गात बोलायला लाजतो. तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरी मराठी बोलणं यातल्या एकीचंही कारण नाही. तुझं आणि नवऱ्याचं इंग्लिश ऑफिसचं आहे, त्यात तुम्ही त्याला ओरडाल, जेवायला बोलवाल, पण लहानपणी आजोबांच्या विहिरीत कसे पोहायला शिकलात ते सांगाल का? मुलाला लांब वाक्यं, कारणं, 'मग काय झालं' हे सगळं भरभरून ऐकायला मिळायला हवं आणि ते तुम्हाला मराठीतच देता येणार. पुढे इंग्लिश उताऱ्याचा अर्थ लावताना हेच कामाला येतं. घरी याया, म्हणजे मुलाला सांभाळणारी बाई, असेल आणि ती त्याच्याशी टागालोग बोलत असेल तर बोलू दे, शाळेत फिलिपिनो विषयाला उपयोगी पडेल आणि खेळायला मित्र मिळतील.

झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं वाचायचं, एक दिवस इंग्लिश, एक दिवस मराठी. मराठी पुस्तकं तिथे मिळत नाहीत ही सबब आता चालायची नाही, बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक नेटवर फुकट वाचायला आहेत. पहिलीच्या मुलाला ते जरा मोठे होतील, तू वाच, तो चित्रं बघेल. देवनागरी शिकवायची घाई करू नकोस, इंग्लिश अक्षरं पक्की झाली की सुट्टीत सुरू कर.

सासूबाईंचं असं कर की नुसतं 'कसा आहेस, जेवलास का' याच्यावर कॉल संपू देऊ नकोस. त्यांना सांग रोज एक गोष्ट सांगा, अर्धी, आणि उरलेली उद्या. मुलगा सुरुवातीला इंग्लिशमध्ये उत्तर देईल, देऊ दे, टोकू नका, आजी मराठीतच बोलत राहू देत. आणि नवऱ्याला सांग की सहामाहीनंतर बघू. तोपर्यंत मुलाला इंग्लिशमधले छोटे शब्द जोडून वाचता येत नसतील तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग वाचनाचा त्रास ओळखणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा, मनिलात ते मिळतील. तपासताना दोन्ही भाषांत काय येतं ते तू सांग, कारण फक्त इंग्लिशवरून तपासलं तर दोन भाषांच्या मुलाबद्दल चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.